गाणे ओळखणे म्हणजे गाणे येणे काय?

वर्गात खेळ खेळावेत की नाहीत, हा प्रश्न आता कोणी फारशा गांभीर्याने विचारीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्प्यावरील शिक्षण खेळातून आणि कृतीतून व्हावे, असे नि:संदिग्धपणे म्हटले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या यांनी भरलेला ‘जादुई पिटारा’ही आणला. तेव्हा खेळाचे प्रकरण सरकारी दप्तरी तरी निकाली निघाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. परंतु लहान विषयाच्या आड कधी कधी मोठा प्रश्न उभा असतो, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

आमच्या गोडादरा भागातील एका शिक्षिकेकडून एका खेळाची हकीकत ऐकली. वर्गाचे दोन गट पाडायचे. ज्यांना आपण सरसकट ‘कार्टून’ म्हणतो, त्या ॲनिमेशनपटांतील गाण्यांचे आरंभीचे काही सेकंद मोबाइलवरून ऐकवायचे आणि थांबवायचे. ज्या गटाचा हात आधी वर जाईल, त्याने गाणे कोणत्या चित्रपटातले ते सांगायचे. बरोबर आले तर गुण. दुपारच्या उकाड्यात पेंगणारा वर्ग या खेळाने खडबडून जागा होतो, असे त्या बाईंचे म्हणणे आणि ते खरे असावे. पुढे संगीताचा, भाषेचा किंवा कथेचा पाठ घ्यायचा असेल, तर मुलांचे कान आणि मने त्यासाठी तयार होतात, हा त्यामागचा हेतू. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. या खेळात जिंकणाऱ्या मुलाला नेमके काय आले? जे मूल हरले, त्याला काय आले नाही? आणि ‘आले’ आणि ‘आले नाही’ असा निवाडा, खेळात का होईना, करण्याचा अधिकार वर्गाला कोठून मिळाला?

आरंभी दोन आक्षेप बाजूला काढले पाहिजेत, कारण ते वारंवार घेतले जातात आणि माझ्या मते ते टिकत नाहीत.

पहिला आक्षेप असा की, सिनेमाचे गाणे शाळेत यावेच कशाला? आपल्या पिढीने तरी हा आक्षेप घेऊ नये. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये आला. औंध संस्थानातील मुक्त तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेल्या त्या चित्रपटातील प्रार्थना देशभरच्या शाळांनी आपलीशी केली. १९७१ च्या ‘गुड्डी’तील प्रार्थना तर चित्रपटातही शाळेतच गायली जाते, आणि पडद्यावरच्या शाळेतून ती खऱ्या शाळांच्या परिपाठात गेली. या दोन्ही प्रार्थनांचे संगीतकार एकच, आपले वसंत देसाई. याच देसाईंनी १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ या ॲनिमेशनपटाला संगीत दिले. हा छोटा पट विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केला. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची जुनी कथा आणि ताईला प्रश्न विचारणारा धाकटा भाऊ एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की, त्या काळी मूल असलेल्या कोणालाही त्याच्या सुरावटीची आठवण करून द्यावी लागत नाही. म्हणजे ॲनिमेशनपटाचे संगीत शिकविण्याच्या कामी लावणे ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. ते काम पन्नास वर्षांपूर्वी दोन मराठी माणसांनी उत्तम रीतीने करून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप असा की, शाळा ही खेळण्याची जागा नव्हे. या आक्षेपाला तत्त्वज्ञांच्या पंक्तीतही स्थान आहे. कांटच्या शिक्षणविषयक व्याख्यानांत, जी १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याने सर्वच शिक्षण खेळाच्या रूपात देण्याच्या कल्पनेला विरोध केला. मुलाने खेळावे, पण काम करण्याची सवयही त्याला लागली पाहिजे, आणि ती सवय लावण्याची जागा शाळेखेरीज दुसरी कोणती, असे त्याचे म्हणणे. याउलट प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात सक्तीने दिलेले शिक्षण मनात टिकत नाही, म्हणून मुलांना खेळातून शिकवावे आणि त्यातूनच त्यांचा नैसर्गिक कल ओळखावा, असे सुचविले आहे. दोघांत डावे-उजवे करण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या गुजरातेतच या वादाचे कृतीने उत्तर दिले गेले. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे गोष्ट, गाणे, नाटुकले, खेळ हेच शिक्षणाचे साधन झाले. मराठी असलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी ते काम बोर्डीला, म्हणजे गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सीमेला लागून असलेल्या गावी नेले. तेथून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेण्याचा ‘कुरणशाळे’चा प्रयोग याच मंडळींचा. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला तरी ही परंपरा परकी वाटू नये. ती आपल्या दोन्ही घरांची आहे.

परंतु गिजुभाईंची आठवण काढली की तिच्यासोबत आणखी एक गोष्ट येते, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. गिजुभाई खेळाच्या बाजूचे होते, तसेच स्पर्धा आणि बक्षिसे यांच्या विरुद्ध होते. त्यांच्या लेखी खेळ आणि चढाओढ या दोन वेगळ्या वस्तू होत्या. योहान हुइझिंगा या डच विचारवंताने १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छेचे. हुकमाने खेळला जाणारा खेळ हा खेळ राहत नाही. वर्गातील खेळ हा मुळातच थोडासा हुकमाचा असतो, कारण मुलाला उठून जाता येत नाही. त्यावर गुण आले की तो परीक्षेच्या जातीचा होतो. येथून खरा प्रश्न सुरू होतो.

ओळखणे म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्या न्यायशास्त्राने यावर बारकाईने विचार केला आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा समोर आला आणि ‘तोच हा’ असे वाटले, तर त्या ज्ञानाला ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात. नुसत्या संस्कारातून उठते ती स्मृती. संस्कार आणि समोरची वस्तू यांच्या संयोगातून उठते ती प्रत्यभिज्ञा. हा भेद फार उपयोगी आहे. गाण्याचे तीन सूर ऐकून चित्रपटाचे नाव सांगणारे मूल हे प्रत्यभिज्ञेचे काम करीत असते. ते सूर समोरून यावे लागतात, मग आत साठलेला संस्कार जागा होतो. ही बुद्धीची करामत लहान नव्हे. परंतु ती गाणे येण्याहून वेगळी आहे.

आपल्याकडच्या गाण्याच्या भेंड्या घ्या. त्यात कोणी काही ऐकवीत नाही. एक अक्षर हाती येते आणि त्या अक्षरावरून आपल्या आतले गाणे काढून, शब्दांनिशी आणि चालीनिशी, चारचौघांत म्हणून दाखवावे लागते. न आले तर भेंडी चढते. तेथे स्मृतीही लागते, गळाही लागतो आणि थोडे धैर्यही लागते. बेसूर गाणाऱ्याचेही गाणे तेथे धरले जाते. भेंड्या खेळताना गाणे माणसाच्या तोंडून बाहेर येते. ओळखण्याच्या खेळात ते यंत्रातून बाहेर येते आणि माणसाच्या तोंडून फक्त एक नाव येते. दोन्ही खेळ गाण्याचेच, पण एकात मूल गाणारे असते, दुसऱ्यात ऐकून ठप्पा मारणारे.

याचे टोकाचे उदाहरण १९९४ च्या ‘द लायन किंग’चे आहे. त्याच्या आरंभीची ललकारी पहिल्या दोन सेकंदांत ओळखणारी मुले जगभर सापडतील. ती ललकारी झुलू भाषेत आहे, दक्षिण आफ्रिकेच्या लेबो एम. या गायकाने ती दिली आहे आणि ती सिंहाच्या आगमनाची वर्दी देते. ओळखणाऱ्या शंभर मुलांपैकी किती जणांना ती भाषा आहे हे तरी ठाऊक असते? अनेकांना तो नुसता नाद वाटतो. ओळख पूर्ण आणि अर्थ शून्य, अशी ही अवस्था. त्यात मुलांचा काहीच दोष नाही. आपणही कित्येक स्तोत्रे अशीच म्हणत आलो. पण स्तोत्र पाठ म्हणणाऱ्याला निदान ते सबंध म्हणावे लागत होते.

आता न्यायाचा प्रश्न. राज्य शासनाच्या सेवेत असताना भरती-परीक्षांचे कामकाज जवळून पाहण्याचा योग आला. त्या कामात एक नियम सर्वांत पवित्र मानला जाई. जाहीर केलेल्या अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारायचा नाही. हा नियम केवळ तांत्रिक नाही. जे शिकविले नाही किंवा शिकण्यास सांगितले नाही, ते विचारणे म्हणजे उमेदवाराची नव्हे, तर त्याच्या घराची परीक्षा घेणे होय. गाणी ओळखण्याचा खेळ, त्यावर गुण ठेवले की, नेमके हेच करतो. ॲनिमेशनपट शाळेने दाखविलेले नसतात. ते ज्या घरात दूरचित्रवाणी संच चालू आहे, मोबाइल मुलाच्या हाती येतो, इंटरनेटचे पैसे भरले जातात, आणि सिनेमागृहाच्या तिकिटाला कोणी नाही म्हणत नाही, त्या घरात पाहिले जातात.

गोडादऱ्यात अशी घरे पुष्कळ आहेत आणि नसलेलीही पुष्कळ आहेत, हे वाचकांना सांगायला नको. ज्या घरात बाप लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करून येतो आणि आई घरबसल्या साड्यांना लेस आणि टिकल्या लावते, त्या घरात एकच मोबाइल असतो आणि तो बापाबरोबर खात्यात जातो. त्या घरची मुलगी वर्गात हात वर करीत नाही. तिला गाणी येत नाहीत असे कोण म्हणेल? श्रावणात कानबाई बसली की रात्रभर चालणारी गाणी तिने आईच्या मांडीवर ऐकलेली असतात. आखाजीच्या झोक्यावरची गाणी तिला येतात. पण त्या खेळात या गाण्यांना जागा नाही. तिला कळते ते एवढेच की, ‘गाणे’ म्हणून शाळेला जे हवे आहे, ते आपल्याकडे नाही. मूल या गोष्टी बोलून दाखवीत नाही, पण त्यांचा हिशेब मात्र ते पक्का ठेवते.

येथे त्या शिक्षिकेची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की, एरवी वर्गात जे मूल कधीच बोलत नाही, गणितात मागे, व्याकरणात मागे, तेच या खेळात पहिले उत्तर देते. आयुष्यात प्रथमच सारा वर्ग त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. पुस्तकी हुशार मुले त्या दिवशी मागे पडतात. हे थोडे का आहे? शाळेबाहेरच्या ज्ञानाला शाळेने मान द्यावा, असे आपणच म्हणत असतो ना?

हा युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला चटकन उत्तर देता येत नाही. बराच विचार केल्यावर मला असे वाटते की, घरून आणलेले ज्ञान दोन प्रकारचे असते. एक पैशाने घरात येते, दुसरे माणसांकडून येते. शाळेने घरच्या ज्ञानाचा मान राखावा हे खरेच. पण तो मान पहिल्या प्रकाराला द्यायचा आणि दुसऱ्याला दारातच उभे करायचे, हे बरोबर नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मिळालेला आनंद खराच आहे. तो हिरावून घ्यावा असे मी म्हणत नाही. त्याच खेळात त्या मुलीचीही पाळी येईल, अशी व्यवस्था करावी, एवढेच म्हणणे आहे.

मग कोणी म्हणेल, सोपे आहे, कानबाईचीही गाणी मोबाइलवर मिळतात, ती लावा आणि ओळखायला सांगा. येथे एक मौजेची अडचण येते आणि ती या खेळाच्या स्वभावावर प्रकाश टाकते. हा खेळ मुख्यत्वे ध्वनिमुद्रित गाण्याचाच खेळ आहे. पहिले तीन सूर दर वेळी तंतोतंत तेच असतील, तरच तीन सुरांत ओळख पटते. चित्रपटगीताची एक ‘मूळ प्रत’ असते. झोक्यावरच्या गाण्याची अशी प्रत नसते. अमळनेरकडची बाई ते एका तऱ्हेने उचलते, शिरपूरकडची दुसऱ्या तऱ्हेने. सुरतेत जन्मलेली त्यांची सून त्यात एखादे गुजराती नाव सहज गोवते. प्रत्येक वेळी गाणे नवे होते आणि तरी तेच असते. त्याला सुरुवातच ठरलेली नाही, मग सुरुवातीवरून ओळखायचे काय? ते ओळखायचे नसतेच, त्यात सामील व्हायचे असते. दोन ओळी झाल्या की तिसरीला आपला आवाज मिसळायचा, हीच त्याची ओळख. म्हणून लोकगीत या खेळात बसवू गेले की खेळ तरी बदलावा लागतो, नाही तर गीत तरी मरते.

आणखी एक बाजू आहे, ती गाणे करणाऱ्याची. ‘द लायन किंग’मध्ये आणखी एक सूर ऐकू येतो, ज्याचा उगम सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये मुद्रित केलेल्या ‘म्बुबे’ या गाण्यात आहे. ‘म्बुबे’ म्हणजे सिंह. लिंडाला त्याबद्दल दहा शिलिंग मिळाल्याचे सांगतात. ते गाणे इंग्रजी अवतारात जगभर गाजले. लिंडा मात्र १९६२ मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या वारसांनी २००४ मध्ये खटला भरला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन त्यांच्या हाती काही पडले. म्हणजे सुमारे पासष्ट वर्षे जगाने ते गाणे ओळखले आणि ते करणाऱ्याला ओळखले नाही. ज्या खेळात ‘हे गाणे कोणत्या सिनेमातले?’ एवढाच प्रश्न विचारला जातो आणि ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न कधीच विचारला जात नाही, तो खेळ नकळत त्या विस्मृतीला हातभार लावतो. गाणे ही चित्रपटाच्या कंपनीची वस्तू आहे, एवढेच त्यातून मुलाच्या मनावर ठसते.

खानदेशातल्या आपल्या घरांना हे अधिक लागावे. ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्या केल्या, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये काही वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या तोंडच्या अशा ओव्या गोळा करून ठेवल्या नसत्या, तर त्यांतल्या कित्येक आज उरल्याच नसत्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी आईच्या तोंडची गाणी टिपली म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेवांनी नुसते ‘ओळखून’ भागले नसते. त्यांना ऐकावे लागले, लिहावे लागले आणि हे मोलाचे आहे असे ठरवावे लागले. गाण्याशी माणसाचे खरे नाते असे असते.

मग हा खेळ वर्गातून हद्दपार करावा काय? मला तसे वाटत नाही. कायद्याची आडकाठी म्हणाल, तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कामकाजात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरते गाणे वाजविण्यास सवलत आहे. आडकाठी असेल तर ती विवेकाची, आणि विवेक खेळ मोडायला सांगत नाही, त्याची घडण बदलायला सांगतो. ज्या काही अटी मला सुचतात त्या येथे मांडतो. शिक्षकबंधू-भगिनींनी त्यांत अनुभवाने फेरफार करावा.

पहिली अट अशी की, जे ओळखायला सांगायचे ते आधी वर्गानेच ऐकवलेले असावे. ‘एक अनेक और एकता’ सात-आठ मिनिटांचा आहे. सोमवारी सर्वांना मिळून दाखवावा, शनिवारी त्यातला तुकडा ओळखायला द्यावा. म्हणजे परीक्षा घराची राहत नाही, वर्गाची होते. दुसरी अट, ओळखल्यावर काम संपू नये, सुरू व्हावे. ज्याने ओळखले त्याने दोन ओळी म्हणाव्यात, किंवा त्या प्रसंगात काय घडते ते आपल्या शब्दांत सांगावे. गायचे नसेल तर न गाण्याचीही मोकळीक असावी. ओळखीला अर्थाची जोड मिळाली की ती ज्ञान होऊ लागते. तिसरी, प्रत्येक गाण्यामागे निदान एका माणसाचे नाव यावे, मग ते गीतकाराचे असो, संगीतकाराचे असो वा गायकाचे. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारे ‘जंगल बुक’ घ्या. जपानमध्ये तयार झालेल्या त्या मालिकेचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. मूळ कथा किपलिंगची, १८९४ च्या पुस्तकातली. आणि ते अरण्य कोठले, तर आपल्या नागपूरच्या उत्तरेला असलेल्या सिवनीचे. एका गाण्यात केवढा भूगोल आणि केवढा इतिहास दडला आहे! नुसते नाव सांगून गुण घेणाऱ्याला यातले काय मिळणार?

चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक फेरीत एक गाणे मुलांनी घरून आणावे, ते यंत्रावर नव्हे, गळ्यावर. आजीचे, मावशीचे, शेजारच्या उडिया किंवा उत्तर भारतीय घरातले, कोणतेही. सुरतेच्या नगरपालिका शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांचे वर्ग चालतात. हे शहरच अनेक भाषांच्या गाण्यांचे आहे. जे गाणे इतरांना ओळखता येणार नाही तेच आणायचे, असा उलटा नियम ठेवावा. त्या गाण्यावर कोणाला गुण नाहीत. सर्वांनी ते ऐकायचे आणि आणणाऱ्याने ते शिकवायचे. न ओळखता आलेल्या गाण्यापुढे गप्प बसून कान देणे, हेही शिक्षणच आहे. किंबहुना ओळखीच्या वस्तूवर झडप घालण्याची सवय आज मुलांना आपोआप लागते. अनोळखी वस्तूसाठी थांबण्याची सवय मात्र कोणीतरी लावावी लागते. ती शाळेने नाही लावली तर कोण लावणार?

आणि शेवटची अट, गुण नकोत. गुणांविना खेळ रंगत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणच्या भेंड्या आठवून पाहाव्यात. भेंडी चढली तरी दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

या साऱ्यावर एक आक्षेप उरतोच, आणि तो मी झाकून ठेवीत नाही. इतक्या अटी घातल्यावर खेळाची गंमत उरेल काय? उकाड्यातल्या त्या दुपारी वर्ग जागा व्हावा, एवढ्यासाठीच तर खेळ होता. कदाचित थोडी गंमत कमी होईल. पण ज्या गंमतीची किंमत एखादे मूल गप्प राहून चुकवीत असेल, ती थोडी कमी झाली तर बिघडले काय? हा प्रश्न वाचकांनी आपापल्या मनाशी सोडवावा. माझे उत्तर मी वर दिलेच आहे.

तथापि सारा भार शिक्षकांवर टाकून मोकळे होणे आपल्याला शोभणारे नाही. मुलांनी घरून गाणे आणायचे, तर घरात ते असायला हवे. तापीकाठच्या रेल्वेने आपले वाडवडील धुळे, जळगाव, नंदुरबारकडून या शहरात आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत फार काही नव्हते. जे होते ते बायकांच्या गळ्यात होते. आज आपल्या पुष्कळ घरांत कानबाईचे रोट होतात, आखाजीला लेकी माहेरी येतात, पण गाण्याच्या वेळी कोणीतरी मोबाइल लावते आणि बाकीचे ऐकतात. यंत्रातले गाणे नातवंडे ओळखतील, यात शंका नाही. ती हुशार आहेत. पण नुसते ओळखलेले गाणे त्यांच्याबरोबर संपेल. म्हटलेले गाणेच तेवढे पुढच्या घरी जाईल.